शनिवारच्या वर्गातल्या ताई-दादांना

ताई, दादा,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं विचारून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे, आता टाळता यायचं नाही.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठच्या आमच्या वस्तीला संस्था काही नवीन नाहीत. कुणी शिलाई मशीन देऊन जातं, कुणी चष्मे, आणि बदल्यात बऱ्याच जणांना आमचं रडगाणं हवं असतं, फोटोसकट. तुम्ही लिहिण्याचा वर्ग काढलात तेव्हा म्हटलं, झालं, आता वहीत रडायचं. पण तुम्ही आल्या आल्याच सांगितलंत की नवऱ्यावर आणि गरिबीवर लिहिलंच पाहिजे असं काही नाही, भुताची गोष्ट लिहिली तरी चालेल. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी भुताचीच लिहिली. काय एकेक भुतं होती!

माझी शाळा गुजराती. मराठी फक्त घरात बोलायची, लिहायची वेळ कधी आलीच नाही. त्यामुळे माझी अक्षरं बिनरेघेची, बोडकी, मध्येच एखादं गुजराती घुसलेलं. त्याला तुम्ही हात लावला नाहीत. वाक्यांना मात्र सोडलं नाहीत.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात शिरली, त्यावर मी लिहून आणलं होतं, ‘पुराने हाहाकार माजवला.’ ताई, तुम्ही विचारलंत, पाणी आलं तेव्हा आधी काय उचललंत? पिठाचा डबा. मग? मग गॅसचा सिलिंडर साडीने खिडकीच्या गजाला बांधला, नाहीतर तो तरंगतो आणि रात्रभर दारावर आपटत राहतो. साडी कुठली? पिवळी, नणंदेच्या लग्नातली. शेजारी मगर शिरल्याची आवई उठली, तर सासूबाई म्हणाल्या, शिरू दे, इथे तिला खायला काय मिळणार आहे! तुम्ही म्हणालात, हे सगळं कुठे आहे वहीत? हाहाकार खोडला गेला. पिवळी साडी राहिली, सासूबाई राहिल्या.

खरे आभार या खोडण्याचे आहेत. आम्हाला ‘वा, छान’ म्हणून घरी पाठवणं सोपं होतं. आमच्यासारख्यांना लोक तसंच पाठवतात. तुम्ही चार-चारदा लिहून घेतलंत, तेव्हा रागही यायचा. दिवसभर लोकांकडे पोळ्या लाटून यायचं आणि वर हे!

आणि ती सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, 1910 मध्ये ही लायब्ररी उभी केली, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, हे बडोद्यात सगळे अभिमानाने सांगतात. माझी आजी याच गावची, शेवटपर्यंत अंगठा उठवत राहिली. मीसुद्धा त्या इमारतीवरून वर्षानुवर्षं कामाला गेले, आत जाण्याची बिशाद नव्हती. तुम्ही घेऊन गेलात. आत काचेची जमीन बघून सगळ्या आधी पदर सावरून खाली बघत उभ्या! मग मराठी पुस्तकांपाशी दादा, तुम्ही नुसते बाजूला झालात. कुठलं घ्या, कुठलं नको, काही बोलला नाहीत. ते बरं केलंत.

आपला हस्तलिखित अंक निघाला तेव्हा तुम्ही प्रत्येकीला वेगळं विचारलंत, नाव घालू का? एकीने टोपणनाव घेतलं, कारण तिची मालकीण मराठी वाचते आणि गोष्टीत ती मालकीण आहे. झेरॉक्स प्रती दांडिया बाजारात फिरल्या, मालकिणीनेही वाचली. आवडली म्हणे तिला!

शिलाई मशीन मोजून अहवालात लिहिता येतात. आमची खोडलेली वाक्यं कोणत्या रकान्यात भरता आणि त्यावर पैसे कसे मागता, देव जाणे. तरी खोलीचं भाडं दर महिन्याला जातंय हे आम्हाला दिसतं.

आता एक काम. जिच्या लग्नातली ती साडी, त्या माझ्या नणंदेला वर्गाला यायचंय. तिला लिहिता येत नाही, पण बोलायला लागली की थांबत नाही. ती सांगेल, मी उतरवून घेईन. शनिवारी घेऊन येते, चालेल ना? पोळ्या उरकून यायचं म्हणजे थोडा उशीर होईल.

तुमची,
वर्गात खिडकीपाशी बसणारी