परिवहन मंत्र्यांना खुले पत्र : लायसनचा अर्ज सोपा करा, ट्रायल अवघड करा

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत गाडी शिकवणारे आणि लायसनचे अर्ज भरून देणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. आमचं पोट याच कामावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. लायसनची वाट जितकी वाकडी, तितकी आमच्यातल्या काहींची कमाई जास्त, हेही खरं. तरीही लिहितोय, कारण एमएच-१८, १९ आणि ३९ नंबरच्या, म्हणजे याच तीन जिल्ह्यांतल्या, गाड्या चालवणारी जी नवी पोरं रस्त्यावर येतायत, त्यांना अर्जाने दमवलेलं असतं आणि ट्रायलने, म्हणजे गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेने, काहीच विचारलेलं नसतं. व्हायला हवं ते नेमकं उलट.

आधी पैशांचं बोलू, म्हणजे तो विषय मिटेल. लर्निंगला, म्हणजे शिकाऊ लायसनला, गाडीच्या प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. पक्क्या लायसनला प्रत्येक वर्गाच्या ट्रायलचे ३००, लायसनचे २००, वर स्मार्ट कार्ड आणि टपालाचा खर्च. मोटारसायकल आणि चारचाकी दोन्ही धरूनही सरकारी खर्च दीड हजाराच्या आतच बसतो. फी जास्त आहे म्हणून कुणी एजंट गाठत नाही. पोरगा एजंटाकडे जातो तो अर्ज मध्येच अडकतो म्हणून.

तो अडकतो कुठे? पहिली अडचण ओटीपीची. घरबसल्या लर्निंगची सोय जून २०२१ पासून आधारवर चालते आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर पाच-सात वर्षांपूर्वीचा असतो. ते सिम रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलेलं असतं. आधारशिवाय अर्ज करायचा पर्याय 'सारथी' या लायसनच्या सरकारी पोर्टलवर आहे, पण मग कागद दाखवायला आणि परीक्षेला कार्यालयात यावं लागतं. म्हणजे घरबसल्याची सोय संपली. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एका ठिकाणी नावापुढे 'भाऊ' किंवा 'बाई' लागलेलं, दुसऱ्या ठिकाणी नाही. सारथी पोर्टल नाव आधारवरून जसंच्या तसं उचलतं. जी चूक आधारवर, तीच लायसनवर छापून येते आणि पुढे विम्याच्या दाव्यात आडवी येते. तिसरी जन्मतारखेची. जुन्या आधारवर नुसतं वर्ष असतं, तारीख नसते. शाळेच्या दाखल्यावर बघावं तर अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं! यावर उपाय एकच, आधी आधार दुरुस्ती आणि मगच अर्ज. पण पोर्टल हे पहिल्या पानावर सांगत नाही. पैसे भरून झाल्यावर कळतं.

साहेब, पहिल्या पानावर मराठीत चार ओळी टाका : आधारला चालू नंबर जोडला आहे का, नाव दाखल्याशी जुळतं का, पूर्ण जन्मतारीख आहे का, वय चाळिशीपुढे असेल तर नमुना १-अ चं डॉक्टरांचं प्रमाणपत्र तयार आहे का. याला ना निधी लागतो, ना जीआर.

आता लर्निंगची परीक्षा. १५ प्रश्न, त्यांतले ९ बरोबर आले की पास. त्याआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत बघणं सक्तीचं. प्रत्यक्षात चित्रफीत चालू असते तेव्हा पोरगा बाहेर चहा पीत असतो आणि उत्तरांवर बोट ठेवतो तो सायबर कॅफेवाला. चेहरा तेवढा उमेदवाराचा. हे सगळ्यांना माहीत आहे, आपल्या खात्यालाही. कॅमेरे वाढवून हे थांबेल असं आम्हाला वाटत नाही. प्रश्नांचं मराठी इंग्रजीवरून उतरवलेलं आहे आणि धुळ्याकडच्या अहिराणी बोलणाऱ्या किंवा धडगावच्या पावरी बोलणाऱ्या पोराला ते वाचूनच घाम फुटतो. तोच पोरगा त्याच्या बोलीत विचारलं की बरोबर उत्तर देतो. त्रिकोणी पाटी म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम, चौकोनी म्हणजे माहिती, उलटा त्रिकोण म्हणजे समोरच्याला आधी जाऊ दे. एवढं बोलीत सांगायला पाच मिनिटं लागत नाहीत. म्हणून आमची मागणी अशी : घरची परीक्षा राहू द्या, पण ट्रायलच्या दिवशी मैदानावर निरीक्षकांनी पाटीचं चित्र दाखवून पाच प्रश्न तोंडी विचारावेत, उत्तर कुठल्याही बोलीत चालेल. तीन चुकले तर ट्रायल पुढच्या तारखेला. कॅफेवाल्याचा धंदा आपोआप बसेल.

लर्निंग मिळाल्यावर तीस दिवस थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत ट्रायल द्यायची, हा नियम कागदावर ठीक आहे. पण नंदुरबारच्या वरच्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. दसऱ्याआधी काढलेलं लर्निंग ती परतेपर्यंत बाद झालेलं असतं. मग पुन्हा १५०, पुन्हा ५०, पुन्हा कॅफे. कायदा केंद्राचा, मुदत वाढवणं आपल्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. पण ही माणसं निघण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अक्कलकुवा, धडगाव, तळोदा इथे जादा ट्रायल लावणं आपल्याच हातात आहे.

आता मूळ मुद्दा, ट्रायलचा.

मोटारसायकलला आठचा आकडा, म्हणजे पाय न टेकता इंग्रजी आठच्या आकाराच्या रेघांवर गाडी फिरवायची. इथे पोरं नापास होतात ती एकाच कारणाने. वळणावर घाबरून क्लच पूर्ण दाबतात, इंजिनाचा जोर सुटतो, गाडी झुकते आणि पाय खाली टेकतो. शिकवायचं असतं ते असं : पहिला गिअर, हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका धरून ठेवायचा आणि नजर पुढच्या चाकावर नाही, तर वळण जिथे संपतं तिथे. चारचाकीला एचचा ट्रॅक, म्हणजे इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची वाट. रिव्हर्स घेताना गाडी उभी असतानाच स्टीअरिंग पूर्ण फिरवणं ही सगळ्यात मोठी चूक, त्यापाठोपाठ नुसत्या एका आरशावर विसंबून मागे जाणं. चढावर गाडी मागे सरकते, कारण हँडब्रेक कशाला असतो ते कुणी सांगितलेलंच नसतं. यात आम्हीही दोषी आहोत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत आमच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतो आणि महिनाभर अर्धी गाडी आम्हीच चालवतो. म्हणून ट्रायलला स्कूलची गाडी असेल तर शेजारच्या सीटवर प्रशिक्षक नको, निरीक्षकच हवा. काही ठिकाणी असं होतं, काही ठिकाणी नाही.

मोटार वाहन नियमातला १५ वा नियम वाचला की आश्चर्य वाटतं. त्यात आरसा लावून घेणं, सगळे गिअर बदलणं, ओव्हरटेक करणं आणि करू देणं, इशारे देणं, चढावर मागे न सरकता गाडी उचलणं, सगळं लिहिलेलं आहे. पुस्तकातली परीक्षा उत्तम आहे, पण मैदानावर ती दोन-चार मिनिटांत आटोपते. आमच्या भागात माणसं मरतात ती एच ट्रॅकवर नाही. ती मरतात ५३ नंबरच्या महामार्गावर सर्व्हिस रोडवरून मागे न बघता मुख्य लेनमध्ये शिरताना, रात्री विनादिव्याच्या कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून, आणि कोंडाईबारी, बिजासन किंवा चांदसैलीचा घाट न्यूट्रलमध्ये उतरताना. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं हा समज इतका पक्का आहे की वडील मुलाला तो शिकवतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, कारण नुसत्या ब्रेकवर उतरलं की ते तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर धरत नाहीत, हे ट्रायलला एकदाही विचारलं जात नाही. मैदानावरच्या चाचणीनंतर किमान दोन किलोमीटर रस्त्यावर गाडी चालवून घ्या. वेळ लागेल, मान्य. अर्जावरच्या कारकुनीतून जो वेळ वाचेल, तो इथे लावा.

नापास झालेल्याला आज फक्त 'फेल' कळतं. कायद्याप्रमाणे तो सात दिवसांनी पुन्हा येऊ शकतो. तीनदा नापास झाला की साठ दिवस थांबावं लागतं. पण चुकलं काय, हे कुणी लिहून देत नाही. मग त्याची पक्की समजूत होते की एजंट केला नाही म्हणून नापास केलं. कधीकधी ती समजूत चुकीची असते. कागदाच्या एका चिठ्ठीवर 'पाय टेकला', 'इशारा दिला नाही', 'चढावर मागे सरकली' यापुढे खूण करून द्या. अर्धा संशय तिथेच मिटेल.

ट्रायल न होताच परत पाठवलं जाण्याची कारणं तर फारच साधी आहेत. गाडीची पीयूसी संपलेली. विमा संपलेला. गिअरच्या मोटारसायकलचा अर्ज आणि ट्रायलला आणली बहिणीची स्कूटी. 'एल'ची पाटी नाही, किंवा आहे ती लाल चिकटपट्टीचे तीन तुकडे. नियमात पाटी पांढरी, किमान १८ बाय १८ सेंटिमीटर, त्यावर लाल 'एल' किमान १० सेंटिमीटर उंच, पुढे आणि मागे दोन्हीकडे. अपॉइंटमेंट पक्की झाल्याचा एसएमएस जातोच, त्यात एवढं घाला. मोलगीहून देवगोई घाट उतरून नंदुरबारला आलेला माणूस पीयूसीपायी परत गेला तर त्याचा दोन दिवसांचा रोज बुडतो आणि तिसऱ्या दिवशी तो एजंटाला पैसे देतो. नाहीतर सरळ म्हणतो, "गाडी येस ना, मंग लायसन काय करनं शे?" आणि विनालायसन पाच हजारांच्या दंडाची जोखीम घेऊन फिरतो. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, ते वेगळंच.

म्हणून तालुक्याच्या कॅम्पबद्दल, म्हणजे आरटीओचे लोक तालुक्याला येऊन ट्रायल घेतात त्याबद्दल, कळकळीने लिहितो. कॅम्प होतात, पण तारखा बदलतात, स्लॉट भरलेले दिसतात आणि मैदान म्हणजे बाजार समितीच्या आवारात चुन्याने ओढलेल्या रेघा. रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, धडगाव इथे सिमेंटचा कायमचा ट्रॅक करा. त्याची मापं बोर्डावर रंगवा आणि कॅम्प नसेल तेव्हा सरावाला खुला ठेवा. बारावीच्या परीक्षेनंतर मे-जूनमध्ये गर्दी दुप्पट होते, तेव्हा कॅम्पही दुप्पट हवेत.

बाहेरून आलेल्यांबद्दल थोडक्यात. सेंधवा, बऱ्हाणपूर, सुरत इकडून बरेच लोक आमच्याकडे राहायला येतात आणि 'महाराष्ट्राचं लायसन' काढायला निघतात. त्याची गरज नाही. कुठल्याही राज्याचं लायसन देशभर चालतं, हवा तर फक्त पत्ता बदलून घ्यायचा. एका माणसाने दोन लायसन बाळगणं उलट बेकायदा आहे. अडतं ते जुन्या, पुस्तिकेच्या रूपातल्या लायसनचं, कारण त्याची नोंद सारथीवर नसते आणि मूळ कार्यालयातून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवणं, झाल्याशिवाय इथे काहीच पुढे सरकत नाही. त्यासाठी माणसाने परराज्यात खेटे घालण्यापेक्षा कार्यालयाने कार्यालयाला विचारावं. आणि आपल्याच राज्यातल्या विद्यार्थ्यांना हे कळवा की २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही कार्यालयात अर्ज करता येतो. जळगावात शिकणाऱ्या नवापूरच्या पोराला ट्रायलसाठी गावी जायची गरज नाही.

मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात २९ तासांचं शिक्षण, त्यातले २१ तास प्रत्यक्ष गाडीवर, पूर्ण केलं की आरटीओची ट्रायल माफ, अशी तरतूद जुलै २०२१ पासून आहे. त्यासाठी सपाट भागात दोन एकर जागा लागते. ती आमच्यासारख्या छोट्या स्कूलच्या आवाक्याबाहेरची आहे. शासनाने एखाद्या आयटीआयची पडीक जागा भाड्याने दिली तर तिन्ही जिल्ह्यांतले स्कूलवाले मिळून केंद्र चालवायला तयार होतील. पण तपासणी कडक ठेवा, नाहीतर 'ट्रायल माफ' एवढ्याच पाटीवर दुकानं उघडतील.

शेवटची गोष्ट लहान आहे, पण याच उन्हाळ्यापासून करता येईल. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि ट्रायलची रांग दुपारी बारा वाजताही उघड्या मैदानात उभी असते. निरीक्षकही त्याच उन्हात. एप्रिल-मेच्या ट्रायल सकाळी सात ते अकरा ठेवा आणि मैदानाच्या कडेला एक पत्र्याची शेड आणि पाण्याचा माठ ठेवा.

आपले,
खान्देशातील काही वाहन प्रशिक्षक आणि अर्ज केंद्र चालक