आधी मोटार बंद कर, मग बोल

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तू मोबाइलवर पाठवलेला बाबांच्या कानाच्या तपासणीचा कागद नीट पाहिला. "यांना हवं तेवढंच ऐकू येतं" ही तुझी तक्रार आता मागे घ्यावी लागणार.

तो आलेख डावीकडून बघत जा. डावीकडे खर्जातले आवाज, उजवीकडे बारीक, वरच्या पट्टीतले. १००० हर्ट्झपर्यंत बाबांची रेघ चारचौघांसारखी आहे. २००० ला उतरते आणि ४००० ला थेट ६५ डेसिबलवर, म्हणजे तेवढा मोठा आवाज असला तरच ऐकू येतो. गोम तिथेच आहे. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट. स, श, च, त, फ म्हणजे नुसती फुसफूस नाहीतर टिचकी. त्यांचा बराचसा जोर २००० च्या वर, 'स'चा तर ४००० च्याही पुढे. म्हणून तू बोलतेयस हे बाबांना कळतं, काय बोलतेयस ते कळत नाही. लग्नात पोराने "आजोबा, अजून किती तास?" विचारलं आणि बाबा म्हणाले, "दोनच ताटं, बाकीचे जेवले." सगळे हसले, मीही हसले. ते काही बरं केलं नाही.

शांततेत ते ओठांवरून, संदर्भावरून निभावून नेतात. पण नळाला पाणी आलं, तू मोटार लावलीस की तिची घरघर नेमकी खालच्या पट्टीवर बसते. धड कानाला अशा वेळी वरचे आवाज हात देतात, कारण घरघर तिथवर फारशी चढत नाही. बाबांचा तोच हात गेलाय. (तपासणी बहुधा ८००० ला थांबते, पण त्याच्यावरचे आवाजही गोंगाटात बोलणं समजायला उपयोगी पडतात, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. माझा स्वतःचा कागद चांगला असूनही मी हॉलमध्ये "काय? काय?" का करते, याला आता निमित्त मिळालं.)

बाबा, पूर्व भागातल्या त्या कारखान्यात तुम्ही २८ वर्षं माग चालवलेत. मी डबा घेऊन यायचे तेव्हा धोट्याच्या खडखडाटात तुम्ही सगळे हातवारे करूनच बोलायचात. कानात कापसाचा बोळा असायचा. त्याने आवाज फारसा अडत नाही. अशा आवाजाचा पहिला घाव बहुतेक ४००० च्या आसपासच पडतो. कानाच्या आतल्या शंखात बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात, आणि मेल्या की परत येत नाहीत. वर वय आहेच.

टीव्हीचा आवाज वाढवून उपयोग नाही, त्याने आ-ओ पण तेवढेच वाढतात. कानाचं मशीन या आलेखाप्रमाणे जिथे कमी तिथेच जास्त वाढवून देतं. लग्नाच्या हॉलमध्ये तेही थोडं कमीच पडेल, हे आधीच सांगते. सुरुवातीला पिशवीची कुरकुर, चमचे, सगळं अंगावर येईल. काही आठवडे जातील. दुसऱ्या दिवशी काढून कपाटात ठेवू नका, तुमच्या त्या नव्या चष्म्यासारखं.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येते, जेवायला थांबू नका. आणि आई, तोवर स्वयंपाकघरातून हाका मारू नकोस. मोटार बंद कर, समोर जा, मग सांग काय सांगायचं ते.

तुमची,
ताई