‘एकरी दोन लिटर ॲसिड’ हे माप चुकीचे

संपादक महोदय,

उन्हाळ्याच्या तोंडावर ठिबकच्या नळ्या धुण्याचे सल्ले सुरू होतात. कृषी सेवा केंद्रापासून व्हॉट्सॲपपर्यंत मात्रा एकच ऐकू येते, ‘एकरी दोन लिटर ॲसिड सोडा’. नळीतला क्षार एकराच्या हिशेबाने विरघळत नाही. ॲसिड किती लागेल हे विहिरीच्या पाण्यातले बायकार्बोनेट ठरवते. नुसता सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे याचा आकडा) पाहूनही ते कळत नाही.

तीन विहिरींचे पाणी घ्या. मीटरवर तिन्हींचा सामू ८. पण अहवालात बायकार्बोनेट एकीत लिटरला ६१ मिलिग्रॅम, दुसरीत ३०५ आणि तिसरीत ६१०. बाजारात मिळणारे साधारण ३३ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक ॲसिड तिन्हींत हजार लिटरला ४८० मिली टाकले, तर पहिल्या पाण्याचा सामू अडीचच्याही खाली जातो, दुसऱ्याचा साडेचारच्या आसपास येतो आणि तिसऱ्याचा जेमतेम सव्वासहावर अडकतो. तिसऱ्या शेतकऱ्याचे ॲसिड वाया गेले, क्षार नळीत तसाच राहिला. पहिल्याच्या कोवळ्या रोपांच्या मुळाशी गरजेपेक्षा कितीतरी तीव्र आम्ल गेले.

याचे कारण असे. सामू पाण्यात त्या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लता आणणारे कण दाखवतो. ॲसिड ओतल्यावर मात्र आधी बायकार्बोनेट त्या आयनांना गाठते आणि त्यातून पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हा साठा संपेपर्यंत सामू हळूहळू उतरतो. वरच्या दुसऱ्या विहिरीत पहिले २४० मिली ओतूनही सामू सव्वासहाच्या थोडा वरच राहतो, ४३० मिलीला साडेपाचच्या जवळ येतो आणि शेवटच्या पन्नासेक मिलीत एकदम कोसळतो. ‘अजून थोडे टाकू’ म्हणणारे नेमके इथेच फसतात. पुढे चारवर यायला दहा-पंधरा मिली पुरतात. चारवरून तीनवर जायला आणखी नव्वद मिलीच्या आसपास लागते. तीनवरून दोनवर न्यायचे तर त्याच्या दहापट, कारण सामूच्या एका अंकाचा फरक म्हणजे आयनांत दहापट फरक.

मात्रा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. पंप चालू करून ताजे पाणी प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर मोजून घ्या. वेगळ्या प्लास्टिक भांड्यात ९० मिली पाणी घेऊन त्यात १० मिली ॲसिड हळूहळू सोडा. ॲसिडात पाणी कधीच ओतू नये, ते उसळते. हे पातळ द्रावण सिरिंजने पाच-पाच मिली बादलीत टाकत, लाकडी काडीने ढवळत सामू पाहा. नळ्या धुण्यासाठी हवा तो सामू, म्हणजे ४, आला की थांबा. जितके मिली द्रावण लागले त्याला १० ने गुणा, हजार लिटरला तितके मिली मूळ ॲसिड. ५० मिली लागले तर ५०० मिली. शेतात वापरायच्या कॅनमधलेच ॲसिड चाचणीला घेतले तर लेबलवरचा टक्का खरा की खोटा याची फिकीर उरत नाही. लिटमस कागद इथे निरुपयोगी, तो फक्त आम्ल की अल्क एवढेच सांगतो. अंक दाखवणारी सामू पट्टी घ्या किंवा सामू ४ आणि ७ च्या बफरवर (ठराविक सामूच्या प्रमाणित द्रावणावर) लावून घेतलेला मीटर. पाच ते सातच्या दरम्यान ढवळताना कार्बन डायऑक्साइड उडून आकडा पुन्हा वर सरकतो, त्याने गोंधळू नका. चारपाशी तो फरक उरत नाही.

आता एकराऐवजी प्रवाह मोजा. एका वेळी भिजणाऱ्या सेक्शनमधून ताशी १२,००० लिटर पाणी जात असेल तर २० मिनिटांत ४,००० लिटर, म्हणजे हजार लिटरला ५०० मिलीच्या वरच्या उदाहरणात दोन लिटर ॲसिड. ते व्हेंचुरीने (पाण्याच्या प्रवाहाने द्रावण खेचणाऱ्या जोडणीने) त्या २० मिनिटांत सारखे खेचले जायला हवे. खताच्या टाकीतून सोडले तर सुरुवातीला तीव्र जाते आणि शेवटी नुसते पाणी. खात्री शेवटच्या लॅटरलच्या (ओळीतल्या बारीक नळीच्या) शेवटच्या ड्रीपरवर (थेंब सोडणाऱ्या तोटीवर) करायची. तिथे चार आले की पंप बंद करून पाणी रात्रभर नळ्यांत राहू द्या, सकाळी नळीच्या टोकाची एंड कॅप उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत फ्लश करा.

ॲसिड बदलले तर हिशेब पुन्हा करावा लागतो. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड लिटरमागे या हायड्रोक्लोरिकच्या सव्वातीनपटीहून जास्त काम करते, आणि पाण्यात टाकताना तापतेही तितकेच भयंकर. फॉस्फोरिक ॲसिड कमी पडले आणि पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर कॅल्शियम फॉस्फेटचा नवा साका बसतो. म्हणजे धुवायला गेलो आणि भर घालून आलो.

मुळात बुजलेला ड्रीपर कापून पाहावा. पांढऱ्या थरावर ॲसिडचा थेंब फसफसला तर तो कार्बोनेट. शेवाळी, बुळबुळीत थर असेल तर त्याला क्लोरीन प्रक्रिया लागते, ॲसिडने तो जात नाही. पण ब्लीचिंग पावडर आणि हे ॲसिड एकाच टाकीत किंवा एकामागोमाग एकाच नळीत सोडू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि हेड युनिटच्या (पंप, फिल्टर असलेल्या) बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो. हातमोजे, चष्मा आणि शेजारी पाण्याची भरलेली बादली हवीच. अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा, खाण्याचा सोडा चोळत बसू नका.

आपल्या शेती पानावर यापुढे ॲसिडची मात्रा छापताना ती ‘हजार लिटर पाण्यास, लिटरला इतके बायकार्बोनेट असल्यास’ अशी द्यावी, ही विनंती. पाणी तपासणीच्या अहवालात हा आकडा असतो. तो लिटरला मिलीइक्विव्हॅलंटमध्ये (meq/L) दिला असेल तर ६१ ने गुणावे, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम मिळतात.

– ठिबक संच देखभालीचे काम करणारे वाचक, जि. सांगली