मातेराच्या टाक्या आणि लष्करातले वाडे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दक्षिण इटलीची सहल करून आलेली मंडळी मातेरा गावातल्या गुहाघरांचंच कौतुक करतात. खरं बघण्यासारखं तिथे पायाखाली आहे. मुख्य चौकाच्या पोटात ‘पालोम्बारो लुंगो’ ही दगडात कोरलेली टाकी आहे. खोली साधारण 15 मीटर, पाणी मावतं जवळपास 50 लाख लिटर. 1991 मध्ये चौकाची दुरुस्ती करताना ती पुन्हा सापडली. किल्ल्यावरची अस्सी खंबा बावडी पाहिलेल्या ग्वाल्हेरकरांना याचं अप्रूप नसेल, पण आतला गिलावा जवळून बघावा.

तिथला दगड चुनखडीचा, मऊ. सहज कोरला जातो, पण पाणीही पितो. म्हणून आतून चुना आणि कुटलेल्या खापरांचा लेप दिलाय. म्हणजे आपली सुरखीच! भाजलेल्या मातीची पूड मिसळली की चुना ओलीतही घट्ट होतो.

पुढे वस्ती वाढली, टाक्यांतच बिऱ्हाडं थाटली गेली आणि मातेराचं अक्षरशः मातेरं झालं. 1952 मध्ये कायदा करून माणसं हलवावी लागली. 1993 मध्ये तेच गाव जागतिक वारसा ठरलं.

हे लिहायचं कारण आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले जुने वाडे. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींना हल्ली सर्रास सिमेंट फासलं जातं. त्यातून ओल बाहेर पडत नाही, ती वर चढते. क्षार आतच साकळतात, लोणा लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा दगडाची खपली घेऊनच सुटतो. दोष मात्र दगडाला!

भिंतीवर टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढं सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढा. ड्रिल मशीन नको. सांधे इंचभर खरवडून धुवा. नव्या गिलाव्यासाठी एक भाग मुरलेला चुना, दोन भाग सुरखी. सुरखी बेताने भाजलेल्या विटेची हवी. काळ्या जळक्या झाम्याची, म्हणजे जास्त भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी मिळत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. वर ओलं गोणपाट किमान पंधरा दिवस. गवंडी तिसऱ्याच दिवशी ते काढायला निघतात, आणि मग तडे जातात. मे महिन्यात तर हे काम काढूच नये. ग्वाल्हेरची लू गोणपाट तासाभरात कोरडं करते.

— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर