कुळपूज्य देव आणि मनाची ग्वाही

सांगली

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. यंदा आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी जाण्याचा आणि परत आल्यावर माळ घालण्याचा विचार तू कळवलास. "आपल्या घरात साधे देवघरही नाही, त्यामुळे ही श्रद्धा मला कोणी शिकवलेली नाही, ती मी स्वतः विचार करून स्वीकारली आहे," असेही त्यात लिहिलेस. वारीला माझी हरकत नाही. या वाक्याला मात्र आहे.

देवघर नव्हते हे खरे, पण तुझी आजी दरवर्षी चातुर्मासात गावाहून आपल्याकडे राहायला येत असत, हे तू विसरलास. ट्रंकेवर विठोबाची लहानशी तसबीर उभी करून त्या दिवेलागणीला हरिपाठ म्हणत, म्हणता म्हणता पोटरीवर वाती वळत, आणि तू शेजारी बसून कापसातली सरकी वेचून त्यांच्या हातात देत असस. तुला तेव्हा अक्षर ओळखू येत नव्हते, पण त्यांच्याकडून एखादे चरण गळले की तू लगेच सांगत असस. मी आणि तुझे बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असू. आम्ही तुला काही शिकवले नाही, पण घरात शिकवणारे फक्त आईवडीलच असतात असे थोडेच आहे!

मी हे तुझी श्रद्धा उसनी ठरवण्यासाठी लिहीत नाही. तसे करायला गेले तर माझी नास्तिकता आधी उसनी ठरेल. तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, शिक्षक होते. त्यांच्या घरी आगरकर आणि फुले यांच्या तसबिरी होत्या आणि सत्यनारायण कधीच नव्हता. मी देव नाकारला असे लोक म्हणतात, पण जो घरात कधी आलाच नव्हता त्याला नाकारायला मला कोणते धैर्य लागले? नवससायास करणाऱ्या घरातल्या ज्या मैत्रिणीने लग्नानंतर सासरी उपास सोडले, तिचे नाकारणे खरे. माझे नास्तिक असणे सुरुवातीला तरी निव्वळ वळण होते, आणि त्याला विचार म्हणण्याइतका विचार मी पुढे बराच उशिरा केला.

तू पत्रात तुकोबांचे 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' हे वचन दिलेस, याचे मला हसू आले, कारण हेच वचन आजोबा आम्हाला नास्तिकतेच्या बाजूने ऐकवत. पण ते ज्या अभंगात आहे, तो सबंध वाचून पाहा. तुकोबांनी आपले चरित्रच त्यात सांगितले आहे, आणि त्याच्या आरंभीच ते म्हणतात, 'आदि तो हा देव कुळपूज्य.' विठ्ठल त्यांना घरातूनच मिळाला. विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी त्या घराण्यात चालत आली होती. मग 1630 च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ आला, द्रव्य आटले, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत गेली. अशा वेळी कुळाचा देव सोडून देणे स्वाभाविक ठरले असते, किंवा त्याला नुसते घट्ट धरून बसणेही. तुकोबांनी देवाचे भंगलेले देऊळ दुरुस्त करायला घेतले, एकादशीला कीर्तन करू लागले, आधीच्या संतांची वचने पाठ केली, आणि सुहृदांचे व बहुमताचे न ऐकता मनाला साक्षीला बोलावले. वारसा आणि स्वतंत्र बुद्धी या दोन्ही गोष्टी एकाच अभंगात, एकाच माणसाच्या तोंडी आहेत. आपण मात्र त्यातली सोयीची ओळ उचलतो: आजोबांनी तसे केले, आणि आता तू करतो आहेस.

ज्यांनी घरचा धर्म उघडपणे सोडला, त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते, आणि मुलांकडून ते संतांचे अभंग म्हणवून घेत, रामायण-महाभारत वाचून घेत. त्याच विद्यार्थिदशेत दादा केळुसकरांनी बाबासाहेबांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे 1935 साली येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा. इतक्या विचारांती धर्म निवडलेले माणूस शोधून सापडणार नाही, आणि तरीही त्यांनीच लिहून ठेवले आहे की आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, तुलना करायला आपल्यापाशी आधीचे काही होते. ते आधीचे वडिलांनी दिले होते, आणि वेगळ्या हेतूने दिले होते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 65 लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी बहुतेकांना हा धर्म पाळण्यातच मिळाला असणार. एका पिढीचा निर्णय दुसऱ्या पिढीचे संस्कार होतो, तो असा.

गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींची कथा याहून गमतीची आहे. 'बालबोधमेवा' या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मराठी बालमासिकात त्यांनी बुद्धावरचा लेख वाचला, 1899 साली घर सोडले, आणि पुढे सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, जाऊन श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित बौद्ध भिक्षू, झाले. त्यांचा मुलगा दामोदर मात्र गणिती झाला आणि मार्क्सवादी. मुलाने बापाचा धर्म घेतला नाही. त्याने बहुधा बापाची घर सोडण्याची रीत घेतली, असे मला वाटते.

तेव्हा श्रद्धा कोठून आली, एवढ्यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. पाढेही आपण घोकूनच शिकतो, आणि म्हणून सात सक्कं बेचाळीस खोटे होत नाही. फरक एवढाच, की बेचाळीस चिंचोके मांडून मी ते पडताळू शकते, आणि पांडुरंगाच्या बाबतीत मला तसे काही मांडता येत नाही. म्हणून मी आहे तेथेच आहे, आणि या वयात राहीनही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच: मिळालेली गोष्ट माणसाने कधी तपासली का, आणि तपासून ती सोडावीशी वाटली असती तर त्याला सोडता आली असती का? हा दुसरा प्रश्न फार थोड्यांना परवडतो. ज्या सुनेला देवाला नमस्कार न केल्याबद्दल घरात बोलणी खावी लागतात, तिचा रोजचा नमस्कार श्रद्धेचा की धाकाचा, हे तिचे तिलाही सांगता येणार नाही. तुला तो धाक नाही. माळ घातलीस तरी आम्ही तुझेच, नाही घातलीस तरी तुझेच. या अर्थी तुझा निर्णय पुष्कळच स्वतंत्र आहे. फक्त त्याचे कारण तू लिहिलेस ते नव्हे.

श्रद्धेच्या आत राहूनही विचार करता येतो, हे मला मान्य आहे. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, ते काही विठोबावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. तू ज्या दिंडीत चालणार आहेस, तिच्यात पंगतीला कोण कोणाशेजारी बसते, स्वयंपाक कोण करते, विणा कोणाच्या गळ्यात असते, याकडे नीट पाहा. संप्रदाय जे सांगतो आणि दिंडी जे करते यांत अंतर दिसले, तर ते बोलून दाखवण्याची तुझी तयारी किती, हे तुझे तुलाच कळेल.

आता माझा मुख्य आक्षेप. तू लिहितोस की गेल्या वर्षी आजारपणात एका रात्री कोणीतरी शेजारी उभे असल्याचा तुला अनुभव आला. तुझा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण जो उभा होता त्याचे हात कटेवरच का होते? केडगावच्या मिशनात वाढलेल्या मुलीला त्याच रात्री येशू दिसला असता, आणि मालेगावच्या एखाद्या मुसलमान मुलाला कोणताही आकार न दिसता नुसता दिलासा मिळाला असता. अनुभव तुझा, पण त्याला चेहरा आजींनी दिला, असे मी म्हणते. तू यावर काय म्हणतोस? "आई, तुला ते कळणार नाही" हे उत्तर चालणार नाही. तुकोबांनीसुद्धा अनुभव सांगताना ऐकणाऱ्याला इतके स्वस्तात सोडले नव्हते.

पालखी निघायला अजून अवकाश आहे, त्याआधी सविस्तर लिही. बाबा बरे आहेत. पावसाळी चप्पल नवी न घेता आताच वापरून पायात मुरवलेली घे.

तुझी,
आई