सोया कमी केला, सोडला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राणिजन्य काही खायचं नाही म्हणजे प्रथिनांसाठी सोयाच, असं मीही धरून चालले होते. सकाळी सोया दूध, दुपारी सोया चंक्स, रात्री टोफू. वर थायरॉइडची गोळीही त्याच दुधाच्या घोटाबरोबर! सोयामुळे ती नीट शोषली जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे उलगडा झाला.

आता गोळी नुसत्या पाण्याबरोबर, सोया आठवड्यातून दोनदा. बाकी मसूर, हरभरा, राजमा. 100 ग्रॅम शिजलेल्या मसुरात सुमारे 9 ग्रॅम प्रथिनं असतात. ओट दूध कॅल्शियम घातलेलंच घेते, तेही खोका खळखळून हलवून, नाहीतर कॅल्शियम तळाशीच राहतं. बी-12 जीवनसत्त्वाची गोळी मात्र सोया खा वा नका खाऊ, घ्यावीच लागते.

आपली,
एक वाचक