जुन्या गाडीला नवे अंग चढवताना

मा. संपादक,

पाऊस ओसरला की जांबोटी, चोर्ल्याच्या वाटांवर जुन्या ऑफरोड मोटारसायकली नव्या प्लॅस्टिकमध्ये दिसू लागतात. हौस चांगली, पण घाई नडते. हीरोच्या इम्पल्सचे पुढचे चाक १९ इंची, एक्सपल्सचे २१ इंची; म्हणून एकीचे मडगार्ड दुसरीला तसेच चालत नाही. उंच मडगार्ड बसवल्यावर फोर्कच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) स्प्रिंगा काढून तो पूर्ण दाबावा, हँडल दोन्हीकडे वळवावे आणि टायरपासून दोन बोटे जागा राहते का पाहावे. खानापूरकडचा लाल चिखल ती जागा लगेच भरून टाकतो.

सर्वाधिक तडे बोल्टच्या भोकाशी जातात. भोकात लोखंडी कॉलर (बोल्टभोवतीची छोटी नळी) हवी, तीही प्लॅस्टिकच्या जाडीपेक्षा किंचित लांब. मग बोल्टचा दाब कॉलर घेते, प्लॅस्टिक मोकळे राहते. कॉलरशिवाय आवळलेला ६ मिमीचा बोल्ट पॅनेल चिरू शकतो. भोक जुळत नसेल तर जोडायला वेगळी पट्टी बनवून घ्यावी. फ्रेमला ड्रिल लावूच नये, तिथूनच चीर धरते. पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकवर खास प्रायमरविना रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात.

नंबरप्लेट, इंडिकेटर काढू नयेत. रंग बदलला तर आरसीत नोंद करून घ्यावी.

– काही मोटारसायकलप्रेमी, खानापूर (जि. बेळगाव)